भोजनगृहाच्या कमानींसाठी आवाहन

सर्व सभासद व हितचिंतकांस सस्नेह नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पूर्वेच्या तिसऱ्या कमानीखालची पंगत पाणी गळू लागल्याने अर्ध्यावर उठवावी लागली, हे आपण जाणताच. कौले फुटलेली नव्हती. काळा दगड पाणी पीत नाही, पाणी शिरते ते दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. मागच्या एका दुरुस्तीत तिथला चुना खरवडून सिमेंट भरले गेले. सिमेंट ताठ, चुन्याची भिंत ऊनपावसात किंचित हलणारी. दोहोंमध्ये केसाएवढी चीर पडते, तीतून गेलेले पाणी आतच कोंडते आणि जुन्या चुन्याचा भुगा होतो. टोकदार कमानीत भार दगडावरून दगडावर उतरतो. सांधा मोकळा झाला की दगड सरकतो. माथ्याजवळचा एक दगड आज पेरभर खाली आला आहे. त्याला दिलेल्या लाकडी टेकूला कृपया पिशव्या अडकवू नयेत.

ही वास्तू टिकली ती दात्यांमुळे. छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्यांच्या तेलपाण्याचा खर्च वर्षानुवर्षे उचलणाऱ्या, पाटीवर नाव नको म्हणणाऱ्या कुटुंबाचे ऋण फिटणारे नाही. शंभर पाट आणि पितळी पातेली देणाऱ्या भगिनी, स्वयंपाकघर मागच्या अंगणात हलवून देणारे सभासद (कढयांची काजळी दगडावर बसायची थांबली ती त्यांच्यामुळेच), आणि खांबाच्या माथ्यावरची तुटलेली दगडी पाकळी मजुरी न घेता घडवून देणारे पाथरवट. त्या एका पाकळीला चार दिवस लागले. हात फिरवा, टाकीचे घाव अजून बोटांना लागतात.

पाहुण्यांना आपण पुण्यातले १८६७चे लाल देऊळ (ज्यूंचे प्रार्थनामंदिर), १८८६ची मंडई हौसेने दाखवतो. त्याच घडणीच्या भोजनगृहातल्या कमानींखाली आपल्या घरची केळवणे, मुंजी झाल्या, मसालेभात-जिलबीच्या पंगती उठल्या. तरी गेल्या वर्षीच्या पत्राला उत्तरे आली अकरा. मन दुखावले, हे लपवत नाही.

सिमेंट हातछिन्नीनेच काढायचे; कटरने दगडाच्या कडा जातात. दरज इंचभर खोल साफ करून, धुऊन, ओलसर असतानाच भरायची: भिजवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली चाळलेली वाळू तीन भाग. वर निदान आठवडाभर ओले गोणपाट, नाहीतर चुना भरकन सुकून भुसभुशीत होतो. कोवळ्या दरजेवर वळवाची जोरदार सर आली तरी चुना धुपतो, म्हणून वर ताडपत्रीही हवी. मृग लागण्याआधी काम उरकलेच पाहिजे.

खर्च साडेचार लाख, जमा सव्वा लाख. धनादेश संस्थेच्या नावे; कार्यालय सायं. ५ ते ७, सोमवारी बंद, पावती लगेच. गोणपाट, ताडपत्री, बांबू, घमेली, वाळूच्या चाळण्या चालतील. डाग काढायला ॲसिड कुणी आणू नये. भोजनगृह १५ एप्रिलपासून बंद, पुढच्या तारखा घेतलेल्यांनी त्याआधी भेटावे. दर रविवारी सकाळी ८ला सहा जण हवेत, डोळ्यांना चष्मा व हातमोजे स्वतःचे आणावेत.

आपला,
चिटणीस