सोनू, त्या आकड्याबद्दल

चि. सोनू, आशीर्वाद.

काल रात्री तू अण्णांच्या हार्ट अटॅकच्या रिस्कचा तो स्क्रीनशॉट पाठवलास आणि लगेच फोन करून रडलीस, तेव्हा मला नीट बोलता आलं नाही कारण अण्णा पलीकडंच झोपलेले होते, म्हणून आता सगळं लिहायलेय, जरा लांबेल.

पहिलं सांगते. तू वय, बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर भरून 10 वर्षांचा जो टक्का काढलास ना, ते कॅल्क्युलेटर ज्यांना अजून अटॅक आलेलाच नाही त्यांच्यासाठी असतं गं माय. अण्णांना येऊन गेलाय, रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी पडलीय, त्यांना ते लागूच होत नाही. ह्या हिशोबांची सुरुवात अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात झाली, 1948 पासून तिथल्या 5,209 लोकांना तपासून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, कुणाला आजार झाला कुणाला नाही. लई मोठं काम आहे ते, पण ते लोक बहुतेक सगळे गोरे. आपल्याकडच्या लोकांना पहिला अटॅक साधारण 53व्या वर्षी येतो, बाकीच्या देशांत 59 च्या आसपास, मग तिकडचा हिशोब आपल्याला जसाच्या तसा कसा लागू पडंल? आणि टक्का कोणताही असू दे, तो अण्णांसारख्या शंभर जणांचा असतो, त्या शंभरात अण्णा कुठं बसतात ते त्यात लिहिलेलं नसतं.

आता तो 35. इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतला ईएफचा आकडा बघून तू म्हणालीस की आई हृदय फक्त 35 टक्के चालायलंय. तसं नाही. हृदय भरल्यावर त्यात जेवढं रक्त असतं त्यातलं एका ठोक्यात किती बाहेर फेकलं जातं तो आकडा आहे तो, चांगल्या धडधाकट माणसाचाही 55 ते 70 असतो, शंभर कुणाचाच नसतो. कमी आहे हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो इको लातूरला तिसऱ्या दिवशी काढलेला, अटॅकच्या धक्क्यानं स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता सुन्न पडलेला असतो, आणि रक्त परत सुरू झालं की आठवड्या-महिन्यांत तो सावरू शकतो. म्हणून तर डॉक्टरांनी 3 महिने गोळ्या देऊन परत इको सांगितलाय, आणि तेव्हाही 35 च्या वर गेला नाही तर छातीत शॉकचं मशीन बसवायचं का ते बघू म्हणाले. म्हणजे डॉक्टरसुद्धा त्या आकड्यावर आज निकाल देत नाहीत, मग तू का द्यायलीस?

मी तीस वर्षं वॉर्डात नर्स होते, मला ज्याची भीती वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पाचव्या आठवड्यात अण्णांनी रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांतली एक गुपचूप बंद केली होती, आता बरं वाटायलंय तर कशाला म्हणून. स्टेंटनंतर त्या दोन गोळ्या साधारण वर्षभर लागतात, मधेच सोडली तर स्टेंटमध्येच रक्ताची गाठ होऊ शकते. चार दिवसांनी पाकीट मोजताना मला कळलं, मी इतकी भांडले की शेजारीण आली, मग डॉक्टरांना फोन लावून विचारून परत सुरू केली. आता डबा माझ्याकडं आहे. तंबाखू मात्र त्यांनी त्या दिवसापासून तोंडात घातलेली नाही, हे फार मोठं आहे, तू एकदा तरी त्यांना तसं म्हण.

चालणं वाढलंय. पहिल्या आठवड्यात मारुतीच्या देवळापर्यंत दोनदा थांबायचे, आता एका दमात जातात. मोठ्या दवाखान्यात 6 मिनिटं चालायला लावून किती मीटर झालं ते मोजतात, तेच मी घड्याळ बघून करते, मीटर तेवढे मोजत नाही.

पण पारावर जात नाहीत. सोयाबीन विकली तर भाव काय मिळाला ते सुद्धा विचारलं नाही, नुसते ओट्यावर बसून राहतात, रात्री तीनला जागे असतात. अटॅकनंतर माणूस असा उदास पडला तर त्याचं पुढचं सुद्धा बिघडतं, हे अभ्यासानं सिद्ध झालेलं आहे आणि मी डोळ्यानं पाहिलंय, आणि तुझ्या त्या कॅल्क्युलेटरला ह्यासाठी रकानाच नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना मी हे स्वतः सांगणार आहे, त्यावरही इलाज असतो.

तू रोज फोन करतेस आणि बीपी किती, शुगर किती, गोळी घेतली का एवढंच विचारतेस, ते दोन शब्दात उत्तर देऊन फोन माझ्याकडं देतात. उद्या तुरीचं विचार. फुलं लागलीत, अळी पडायलीय, फवारणी कधी करायची ते त्यांनाच विचार, खरंच विचार, तुला माहीत नाहीच. आणि तो आकडा त्यांना सांगू नको.

येळवसच्या अमावस्येला सुट्टी टाक. तेव्हा इकोची तारीख पण जवळ असंल, तू सोबत आलीस तर बरं होईल. शेतात जायचं म्हणायलेत, हे ते स्वतःहून बोललेत परवा, म्हणून तुला लिहायलेय. येळवसच्या भाज्यांच्या भज्जीत मीठ कमी घालीन, आंबीलीत पण, तू वरून घेऊ नको त्यांच्यासमोर.

तुझी आई