तुकडी मोजताना एसटीचे वेळापत्रकही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर घाटमाथ्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी 19 वर्षे रसायनशास्त्र शिकवतो. नोकरीला लागलो तेव्हा अकरावीची यादी लागली की फलकासमोर रेटारेटी व्हायची. आता मे महिन्यात आम्हीच विद्यार्थी शोधत गावोगाव फिरतो. एकेका दारात आधीच दोन-तीन कॉलेजांचे शिक्षक येऊन गेलेले असतात. कुणी गाडीभाडे देतो म्हणतो, कुणी परीक्षा फी. ही फी पुष्कळदा शिक्षकाच्याच खिशातून जाते, कारण पट कमी पडून तुकडी तुटली तर अतिरिक्त, म्हणजे जागेपेक्षा जास्तीचा, तोच ठरणार.

यंदा अशाच एका घरी गेलो. मुलीला दहावीला 84 टक्के, वडील गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात तमिळनाडूत. शेंगा फोडता फोडता आईने विचारले, "मागल्या वर्षी तुमच्याकडं फिजिक्सला सरच नव्हतं म्हणं, खरं हाय का?" खरे होते. निवृत्त सरांची जागा भरली गेली नाही आणि तासिका तत्त्वावर आलेले सर दिवाळीनंतर सोडून गेले. मी तसे सांगून टाकले. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत, 10 कॉलेजे पसंतीला टाकता येतात. या मुलीने आमचे एकच टाकले. विट्याच्या कॉलेजातून परतायला तिन्हीसांजा होतात आणि घरी ते चालणार नव्हते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2005-06 ला महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी 2.1 मुले होती, 2019-21 ला 1.7. म्हणजे मागून येणारी पोरे कमीच असणार. तीच चार पोरे एकमेकांकडून ओढून कुणाचे भले होणार आहे? काही ठिकाणी तर नाव पटावर आणि पोरगं शहरातल्या क्लासमध्ये. कागदावर तुकडी टिकते, बाक रिकामेच राहतात. हे मला अजिबात पटत नाही.

शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. संचमान्यता करताना, म्हणजे कॉलेजला शिक्षकांची किती पदे द्यायची ते ठरवताना, नुसता पट मोजू नका. पुढची विज्ञानाची तुकडी किती लांब आहे आणि तिकडून शेवटची एसटी किती वाजता सुटते, हेही बघा. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण त्या वेळेला गाडीच नसेल तर पासाचा काय उपयोग? शेजारच्या दोन कॉलेजांत मिळून भौतिकशास्त्राचा एक पूर्णवेळ शिक्षक द्या, तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. प्रयोगशाळाही वाटून वापरता येईल. आम्ही शिक्षक त्याला तयार आहोत.

वर्ग सुरू झाले आहेत. ती मुलगी पहिल्या बाकावर बसते. भौतिकशास्त्राचे तास सध्या मीच जमेल तसे घेतो. यंदा सर येतील, असे मी तिच्या आईला सांगून आलो आहे.

— एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, ता. खानापूर, जि. सांगली