तालमीच्या संघाची वही

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, यंदाचा हंगाम संपला की तालमीच्या फुटबॉल संघाचे काम सोडायचे, असे तुम्ही ठरवल्याचे दादाकडून कळले. गुडघे साथ देत नाहीत, शाहू स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत, हे कारण मला पूर्ण पटते. परंतु तुम्ही कपाटाची किल्ली तालमीत ठेवून मुकाट्याने घरी याल, हे पटत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या कोल्हापुरात कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच पेठापेठांतून फुटबॉलचे संघ बांधले आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावेच आज संघांची नावे आहेत, हे मला इथे प्रत्येकाला समजावून सांगावे लागते. ऐकणाऱ्यांना भरलेली गॅलरी, पेठांमधली चुरस आणि पोलीस बंदोबस्त यांच्याच गोष्टी हव्या असतात. संघ मैदानात उतरण्यापूर्वी कोणी काय केले असेल, असे अजून एकानेही विचारलेले नाही. केएसएकडे, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, खेळाडूंची नोंदणी मुदतीत करणे, कोणाला किती पिवळी कार्डे मिळाली आणि त्यामुळे पुढच्या सामन्याला कोणाला बसावे लागणार याचा हिशेब ठेवणे, वर्गणीसाठी तीच ती दुकाने पुन्हा चढणे, ही कामे जमली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत. एखादे चुकले तर मात्र मैदानात जिंकलेला सामनाही कागदावर हरण्याची वेळ येते. यातले निम्मे तुमच्या वहीत आहे आणि उरलेले केवळ तुमच्या डोक्यात. बॉलची हवा तुम्ही अंगठ्याने दाबून ओळखता, हे कौतुकाचे खरे, पण तुमचा अंगठा तालमीच्या कपाटात ठेवता येणार नाही. तिथे एक दाबमापक हवाच.

पूर्वी पेठेतला मुलगा पेठेच्याच संघाकडून खेळत असे. आता खेळाडू हंगामागणिक संघ बदलतात, परदेशी खेळाडूही येतात, आणि तुमच्या वयाची बरीच मंडळी त्यावर नाके मुरडतात. तुम्ही मात्र त्या परदेशी मुलाला तांबडा रस्सा झेपत नाही हे ओळखून त्याला घरी वरणभाताला आणलेत. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा सारे कोल्हापूर त्याच्या खेळाविषयी बोलत होते आणि तुम्ही विचारलेत, लहानपणी याला मैदानावर कोण नेत असेल? हा प्रश्न सुचणारा माणूस संघाला सहज मिळत नाही.

आई, तुझ्याविषयी तालमीच्या अहवालात कधी एक ओळही आली नाही, याचा मला बाबांपेक्षा अधिक राग आहे. चिखलाने माखलेल्या जर्सी आधी साध्या पाण्यात भिजवायच्या आणि छापलेला क्रमांक उन्हाकडे न करता उलट्या वाळत घालायच्या, हे संघात कोणालाच ठाऊक नाही. कोणत्या क्रमांकाची शिवण दर वेळी काखेत उसवते, हेही तुलाच माहीत. बाबांची सेवा म्हणून जे मोजले जाते, त्यातली बरीचशी आपल्या मागच्या अंगणातल्या दोरीवर झालेली आहे.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच, की काम एकदम सोडू नका. हा हंगाम आणि पुढचा, असे दोन हंगाम तालमीतली दोन मुले हाताखाली घ्या. एकाकडे नोंदणी आणि कार्डांचा हिशेब द्या, दुसऱ्याकडे किट आणि वर्गणी. धावपळ त्यांनी करावी, तुम्ही खुर्चीवर बसून फक्त चुका काढाव्यात, जे तुम्हाला अवघड जाणार नाही. धुलाईसाठी तालमीने पैसे द्यावेत, आणि ही मागणी आईने नव्हे, तुम्ही स्वतः बैठकीत मांडावी.

दिवाळीला मी येते आहे. तुम्ही सांगा, मी सारे नव्या वहीत उतरवून घेईन. आईचा भागही त्यातच येईल. गुडघ्याची तपासणी त्याच आठवड्यात करू, तेवढा एक दिवस सरावाचे निमित्त सांगू नका.

आपली कन्या