उरलेले पोहे, उरलेलं माल्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या उरलेल्या अन्नावरच्या लेखाला एका वाचकाचं उत्तर मागच्या आठवड्यात वाचलं. परदेशातली आपली मुलं घरात उरलंसुरलं पिंपात ढकलून बिअर करतात आणि ते गटाराचं पाणी कौतुकानं पितात, असं त्यांनी लिहिलंय. मी ६७ वर्षांची, शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. बिअरची बाजू घेऊन कधी पेपरात लिहीन असं वाटलं नव्हतं. पण असं एक पिंप मी स्वतः ढवळलंय, त्यामुळे गप्प बसवेना.

मागच्या वर्षी जूनमध्ये ब्रिस्टलला मुलाकडे होते. त्यांचं घर बदलायचं चाललं होतं. मुलगा हौसेनं घरी बिअर करतो. तिकडे स्वतःपुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, विकायची म्हटली की लागतो. खोकी भरताना त्याच्या कपाटातून पुड्याच पुड्या निघाल्या. सव्वा किलोच्या आसपास साधं माल्ट, मूठ-दीड मूठ भाजकं माल्ट, थोडे ओट्स, फ्रीझरमध्ये हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांची, अर्धी अर्धी पाकिटं, तारीख उलटून दोन महिने झालेलं यीस्ट. सून म्हणाली, टाकून द्या. टाकून द्या हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप पुढे येतो. माझ्या बॅगेतून नेलेले जाडे पोहे उरले होते, अर्धी गुळाची ढेप होती, आमसुलं होती. म्हटलं, यातलं काही चालतं का बघ.

पत्रलेखकांनी इथे जरा लक्ष द्यावं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतो तेच. मोड येताना दाण्यात अमायलेझ नावाचं विकर तयार होतं, ते पिठुळाची (स्टार्चची) साखर करतं, आणि यीस्टला खायला साखरच लागते. ती खाऊन ते अल्कोहोल आणि गॅस करतं. पोह्यांत पिठूळ भरपूर, पण स्वतःचं अमायलेझ काही नाही, म्हणजे त्यांना माल्टकडून उसनवारी करावी लागणार. म्हणून १२०० ग्रॅम माल्टला पोहे ३०० ग्रॅमच घेतले. मुलाला भीती होती की तांदूळ आधी शिजवून घ्यावा लागेल, कारण कच्च्या तांदळाचं पिठूळ त्या पाण्याच्या उष्णतेला फुलत नाही. मी म्हटलं, अरे, पोहे म्हणजे भिजवून, भाजून, चेपलेलं भात, ते आधीच शिजलेले असतात. भिजवल्याबरोबर खाता येतात ते उगीच का?

सगळं ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं. साखर झाली की नाही हे कळायचं कसं? नववीच्या प्रयोगवहीतलं पान. पांढऱ्या बशीत त्यातलं चमचाभर पाणी घेतलं, त्यात आयोडिनचा थेंब. पिठूळ उरलं असेल तर तो निळा होतो. दहाव्या मिनिटाला निळंकाळं, शाईच जणू. अर्ध्या तासानं जांभळट. तासानं थेंब टाकला तसाच तपकिरी राहिला. इतकी वर्षं मुलांना बटाट्यावर आणि भातावर हा थेंब टाकायला लावला. निळं झालं की बरोबर, एवढंच शिकवलं. निळं *न* होण्याची वाट बघत मी पहिल्यांदाच उभी होते.

मग गाळून उकळायला ठेवलं आणि पाव किलो गूळ घातला. हॉप्सचं तंत्र आपल्या फोडणीसारखं आहे. आधी घातलेले तासभर उकळून कडवटपणा देतात, शेवटी घातलेले नुसता वास, वरून पेरलेल्या कोथिंबिरीसारखे. त्यातलं एक पाकीट मुलानं हुंगलं आणि सरळ कचऱ्यात टाकलं. मलाही वास दिला. जुनाट चीजचा, किंवा पावसात न वाळलेल्या मोज्यांचा म्हणा. यीस्टचंही तसंच. आधी कोमट पाण्यात घालून बघितलं, फेस आला तेव्हाच पिंपात गेलं. उरलेलं वापरणं म्हणजे काहीही ढकलणं नव्हे हो, प्रत्येक पुडी हुंगून, चाखून, विचारून घेतली होती. (चोथ्याची मी थालीपिठं लावली. ती मात्र फसली. रात्रभर दातांतून फोलपटं काढत बसलो.)

आपल्याकडे डेअरीत दुधात लॅक्टोमीटर सोडतात, तसा एक काचेचा हायड्रोमीटर असतो. द्रव किती दाट ते तो दाखवतो, साखर संपत गेली की आकडा उतरतो. सुरुवातीला आकडा १.०४६ होता, बारा दिवसांनी १.०१० वर येऊन थांबला. वजाबाकीवरून अल्कोहोल निघतं, पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. दहा लिटर घातलं होतं, गाळ जाऊन अर्ध्या लिटरच्या अठरा बाटल्या भरल्या.

आता माझा गाढवपणा. चार बाटल्यांत मी हट्टानं आमसुलं घालायला लावली. मुलगा म्हणाला, आई, त्यात मीठ असतं. पण मग त्यालाच आठवलं की जर्मनीत गोझे नावाची आंबट बिअर मीठ आणि धणे घालूनच करतात. तेव्हा घाल म्हणाला. बाटलीत गॅस धरावा म्हणून शेवटी लिटरमागे सहा ग्रॅम साखर मोजून घालायची असते. त्यानं चौदा बाटल्यांना काट्यावर मोजून घातली. माझ्या चार बाटल्यांना मी गूळ घातला, चमच्यानं, अंदाजपंचे. चौथ्या रात्री कौलांवर नारळ पडावा तसा आवाज झाला. नशीब, बाटल्या झाकणाच्या क्रेटमध्ये होत्या. काचा आतच राहिल्या, जिन्याखाली गुलाबी ओघळ. उरलेल्या तीन मुलानं जाड हातमोजे आणि चष्मा घालून बेसिनमध्ये उघडल्या. दोन फेसातच संपल्या. तिसरीतली घोटभर मिळाली. नारळाचं दूध घालायला विसरलेली सोलकढी, असं सुनेचं मत पडलं, आणि ते खोटं नव्हतं. साध्या बाटल्या मात्र चांगल्या निघाल्या. मी अर्धा पेला प्यायले, हेही लिहूनच टाकते.

हे वाचून कुणी इथे पिंप मांडायला जाऊ नये. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. मी इथे आल्यापासून केलेली नाही, करणारही नाही.

पण एक शंका आहे. एप्रिलात आमच्या मागच्या भरडावर काजूच्या बोंडूंचा (फळांचा) सडा पडतो. बी पिळून घ्यायची, बोंडू तिथेच सोडायचे. सीमेपलीकडे गोव्यात त्याच बोंडूंचा हुराक (पहिल्या धारेची दारू) होतो, फेणी होते, फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही फार तर सरबत करतो. रसात तांदळाची पेज घालून ठेवली की घसा धरणारा तुरटपणा तळाला बसतो, वरची निवळ घ्यायची. यंदा निवळ काढली आणि पाहुणे आले म्हणून उकळायची राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीचं झाकण फुगलेलं, आत बारीक बुडबुडे. यीस्ट मी घातलं नव्हतं, ते बोंडूच्या सालीवरूनच आलं. मी घाईघाईनं पातेलं गॅसवर चढवलं.

उत्पादन शुल्क खात्यातलं कुणी आपला पेपर वाचत असेल, तर त्यांनी याच सदरातून कळवावं. सकाळी सरबत होतं आणि दुपारी बुडबुडे होते, मग मी गुन्हेगार नक्की किती वाजता झाले?

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग