सिंधुदुर्ग एका तासात कसा काय बघायचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे मालवणला जाऊन आलो, त्यात सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, म्हणजे पाहिला असं म्हणायचं इतकंच. त्याबद्दल लिहायचं म्हणून हे पत्र. आधीच सांगते, मालवणच्या लोकांबद्दल माझी काहीच तक्रार नाहीये, माणसं बोलायला गोड, जेवण तर काय विचारूच नका. तक्रार आहे ती त्या एका तासाची.

जेटीवर तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट घालायचं, होडी भरली की निघायचं, दहा-पंधरा मिनिटांत किल्ला ज्यावर आहे ते कुरटे बेट येतं. उतरताना आमच्या नावाड्याने सगळ्यांना बजावलं, "येक तासात येवा हां, नायतर होडी जातली." ज्या होडीने आलात तिनेच परत जायचं असा एकूण हिशोब. आता मला सांगा, ४८ एकराचा किल्ला, तटाची लांबी सुमारे ३ किलोमीटर, बुरूज ४२, आणि हातात एक तास, त्यातही वयस्कर मंडळी उतरून वाळू तुडवत दरवाज्यापर्यंत पोचेस्तोवर दहा मिनिटं गेलेली, पोरांना तहान लागलेली, फोटो काढणारे वाटेत अडलेले. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं लक्ष किल्ल्यापेक्षा घड्याळाकडेच जास्त होतं.

गाइड आम्ही केला होता. करायलाच हवा, कारण त्याच्याशिवाय पहिला दरवाजासुद्धा कळत नाही. होडीतून बघताना नुसती काळी भिंत दिसते, दार कुठे आहे पत्ता लागत नाही, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधून वाट वळते आणि मग एकदम दरवाजा समोर येतो. आमचे गाइडकाका म्हणाले, "भायरसून दिसलो तर तो दरवाजो कसलो?" एवढ्या एका वाक्यात गोमुखी बांधणी म्हणजे काय हे माझ्या सातवीतल्या भाच्याला कळलं, जे शाळेच्या पुस्तकातून कळलं नव्हतं. म्हणजे शत्रू दारापर्यंत आला तरी त्याला वळणावर अडकवून दोन्ही बाजूंनी वरून मारायचं, हत्ती किंवा ओंडका घेऊन दाराला धडक द्यायला लागणारी सरळ जागाच ठेवायची नाही. तिथेच वर छोट्या घुमट्यांमध्ये महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, चुन्यातला. तिथे लोक आपोआप गप्प होतात, हात जोडतात, आम्हीही जोडले. काकांना तिथे अजून बोलायचं होतं हे दिसत होतं, पण मागे दुसरा ग्रुप आला आणि आम्हाला पुढे ढकललं गेलं.

तिथून पुढे जी काही पळापळ सुरू झाली ती शेवटपर्यंत. नगारखाना, जरीमरीचं देऊळ, मग शिवराजेश्वर मंदिर. हे मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं, आणि आतली शिवाजी महाराजांची मूर्ती आपण एरवी फोटोत बघतो तशी नाही, दाढी नसलेली, बसलेली. आमच्या सासूबाईंना तिथे पाच मिनिटं शांत बसायचं होतं. गाइड म्हणाले, ताई चला, अजून विहिरी राहिल्यात. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरींत डोकावून झालं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, "चमत्कार आहे बघा," असं सांगून काका पुढे निघाले. मी म्हटलं चमत्कार कसला, कारण सांगा ना. पावसाचं पाणी बेटाच्या जमिनीत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर थर करून राहतं, आणि विहीर बेताची खोल ठेवली, उपसा जपून केला तर गोडं पाणी मिळत राहतं. जगात कितीतरी बेटांवर लोक याच पाण्यावर जगतात. हे सांगितलं तर कौतुक कमी होत नाही हो, उलट वाढतं, कारण ज्यांनी विहिरीची जागा हेरली त्यांना बेट नीट कळलेलं होतं हे समजतं. तसंच काकांनी सांगितलेल्या, समुद्राखालून जाणाऱ्या भुयाराच्या गोष्टीचं. ते सांगायला माझी हरकत नाही, मला स्वतःला ऐकायला मजा आली, पण "अशी दंतकथा आहे" एवढे शब्द आधी जोडावेत, मुलं सोबत असतात, ती शाळेत जाऊन इतिहास म्हणून सांगतात.

तर विहिरी झाल्या, कोकम सरबत झालं (किल्ल्यात आजही काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्याकडे घ्या, आणि प्लीज त्यांच्या घरात डोकावून फोटो काढू नका, ते काही म्युझियम नाहीये), आणि वेळ संपली. तटावर कोणी गेलंच नाही! आमच्या होडीतलं एकही माणूस गेलं नाही. आणि माझ्या मते या किल्ल्यात बघायचं जे आहे ते तटावरच आहे.

मी आणि भाचा मात्र काकांना गळ घालून एका जिन्याने वर चढलो. वर गेल्यावर पहिल्यांदा समजलं की हे बेट का निवडलं. ओहोटी होती, पाण्यातून काळ्या खडकांच्या रांगाच रांगा वर आलेल्या, लाटा त्यांच्यावर फुटून पांढऱ्या होत होत्या, आणि आमची होडी ज्या वाटेने आली ती तेवढी एक निळी पट्टी मोकळी. परक्या मोठ्या जहाजाने इथे यायचं म्हणजे खडकावर आपटायचंच, वाट माहीत असलेला स्थानिक माणूस सोबत हवाच. एका बाजूला पद्मगड हा शेजारचा छोटा किल्ला दिसतो. खाली तटाला लागून एक छोटीशी पुळण आहे, तिला राणीची वेळा म्हणतात, तिच्याकडे उतरायला तटातून लहान दार आहे. तटाच्या आतच ठिकठिकाणी शौचकूप बांधलेले आहेत, सतराव्या शतकात, पहारेकऱ्याला जागा सोडून लांब जायला लागू नये म्हणून. भाच्याला सगळ्यात जास्त तेच आवडलं, आणि खरं सांगू का, मलाही. इतक्या वर्षांपूर्वी ज्यांनी याचा विचार केला त्यांच्या किल्ल्यावर येणाऱ्या बायकांना आज टॉयलेट कुठे आहे हे विचारत फिरावं लागतं.

तेवढ्यात खालून हाका सुरू झाल्या, होडी सुटतेय, होडी सुटतेय. उतरलो.

आता मुद्द्याचं. २५ नोव्हेंबर १६६४ ला या किल्ल्याच्या कामाला सुरुवात झाली, मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे तिथे पूजा करून, आणि साधारण तीन वर्षांत काम उरकलं. काम बघत होते हिरोजी इंदुलकर. खाली गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार, वर जंजिऱ्याला सिद्दी हलायला तयार नाही, अशा वेळी भर समुद्रात पायाच्या दगडांमध्ये शिसं ओतून हा तट उभा केला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यात सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी हेही आहेत. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, फटाके वाजवले. पण जगभरातून माणूस येणार आणि त्याला आपण काय दाखवणार तर एक तास, त्यातला निम्मा धावण्यात?

होडीवाल्यांची बाजू मला कळते, उगाच त्यांच्यावर खापर फोडायचं नाहीये. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणजे कमाईचे महिने मोजके, त्यात वारा फिरला की फेऱ्या थांबवाव्या लागतात, मग गर्दीच्या दिवसात जास्तीत जास्त फेऱ्या मारणार नाहीतर काय करणार. शिवाय जेवढी माणसं नेली तेवढीच परत आणली हा हिशोब सोपा पडतो, कोणी बेटावर मागे राहत नाही, ते सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण यावर उपाय नाही असं नाही ना. तिकिटासोबत मनगटाला कागदी पट्टी बांधा, सकाळच्या लोकांना एक रंग, दुपारच्यांना दुसरा, परत येताना कुठल्याही होडीत बसू द्या आणि जेटीवर पट्ट्या मोजून घ्या, शेवटची होडी किती वाजता ते मोठ्या अक्षरात लिहा. होडीवाल्यांचा फेऱ्यांचा हिशोब बिघडू नये म्हणून पैसे सगळे एकत्र जमा करून वाटून घेता येतील. हे मी घरात बसून सुचवतेय, पाण्यात रोज जाणाऱ्यांना याहून चांगलं काहीतरी सुचेल, पण निदान बसून बोला तरी.

नाहीच जमलं तर दोन प्रकारच्या फेऱ्या तरी ठेवा. एक हल्लीची तासाभराची, ज्यांना फक्त दर्शन घेऊन यायचंय त्यांच्यासाठी. दुसरी अडीच-तीन तासांची, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, गाइडसकट, तटावरून जेवढं सुरक्षित आहे तेवढं चालत. तिचे पैसे जास्त घ्या, देणारे देतील. तटावर काही ठिकाणी दगड निखळलेत, कठडा नाही, तिथे दोरी लावून वाट बंद करा पण चांगल्या भागातून तरी माणसांना फिरू द्या.

आणि गाइडचं. आमचे काका पाठ केलेलं भाषण म्हणायचे तेव्हा रेकॉर्ड लावल्यासारखं वाटायचं, पण तटावर वाऱ्यात उभं राहून खडक कुठे कसा आहे, ओहोटीला कुठून चालत जाता येतं, लहानपणी आपण कुठे मासे गरवायचो हे सांगायला लागले तेव्हा त्यांना थांबवूच नये असं वाटलं. हे समुद्राचं ज्ञान त्यांच्याकडे आहे, कुठल्या कोर्सने येणार नाही ते. इथला समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पाण्याखाली प्रवाळ आहेत, मालवणात उतरणारे अर्धे लोक स्नॉर्केलिंगला येतात, पण खडक, प्रवाळ आणि किल्ला ही एकाच समुद्राची गोष्ट आहे असं जोडून सांगणारं कोणी भेटत नाही. पुरातत्त्व खात्याने आणि पर्यटनवाल्यांनी या लोकांना तारखा-आकडे नीट पुरवावेत, ओळखपत्र द्यावं, दर ठरवून बोर्डावर लावावेत, बाकी बोलायचं त्यांचं ते बघतील.

शेवटी एक छोटी मागणी, तिला फार पैसे लागत नाहीत. जेटीवर तिकिटासाठी अर्धा-पाऊण तास रांगेत काढावा लागतो, तिथे किल्ल्याचा एक मोठा नकाशा आणि त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लावा. रांगेत उभं राहून लोक तो वाचतील, आणि किल्ल्यात गेल्यावर विहीर कुठे, टॉयलेट कुठे, तटावर चढायचा जिना कुठे हे विचारण्यात जाणारी मिनिटं तरी वाचतील.

आपली,
एक नियमित वाचक