खटक्याचा चाकू आणि एक हात : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

माझा डावा हात कोपरापर्यंतच आहे. सव्विसाव्या वर्षी तो पॉवर प्रेसखाली गेला, त्याला आता एकोणीस वर्षे झाली. हल्ली मी एका गोदामात भांडार सांभाळतो. खोकी उघडायची, प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायच्या, गोण्यांची शिवण उसवायची, हे दिवसभराचे काम. त्याला चाकू लागतो, आणि त्या चाकूबद्दलच हे पत्र आहे.

घडीचा साधा चाकू दोन हातांच्या माणसासाठी केलेला असतो. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या नखाने पात्याची खाच ओढायची. मी मूठ गुडघ्यांत दाबून, खाली वाकून, पाते दातांनी ओढत असे. पाते घट्ट असले की जोर लावावा लागतो आणि ते एकदम सुटते. सुटते तेव्हा ते ओठांपासून बोटभरही लांब नसते. दोनदा ओठ फाटला. पुढे एका सहकाऱ्याने मला खटक्याचा चाकू आणून दिला. अंगठ्याने बटण दाबले की आतली खिटी सरकते आणि स्प्रिंग पाते बाहेर काढते. मिटताना बटण दाबून पात्याची पाठ टेबलाच्या कडेला टेकवली की काम झाले. पाते पावणेतीन इंचांचे. दोन हात असलेल्याला ही सोय किरकोळ वाटेल. मला त्या दिवशी चाकू पहिल्यांदा इतरांसारखा वापरता आला.

पाच वर्षे तो माझ्या पिशवीत डब्याशेजारी होता. गेल्या वर्षी रात्रपाळी संपवून येताना नाकाबंदीत पिशवी तपासली गेली. हवालदारांनी बटण दाबले, खट्ट आवाज झाला, आणि बोलण्याचा सूरच बदलला. मला ठाण्यात नेले. प्लॅस्टिकची पट्टी आणून पाते मोजले, सात सेंटीमीटर भरले. चार तास बाकावर बसवले. कोणी अपशब्द वापरला नाही, चहाही दिला. पण हा चाकू जवळ ठेवणे गुन्हा आहे की नाही, याचे उत्तर त्या खोलीत कोणाकडेच नव्हते. एक जण म्हणाले, चार-पंचवीस (शस्त्र अधिनियमाची कलमे ४ आणि २५) लागेल. दुसरे म्हणाले, नऊ इंचांच्या आत आहे, नाही लागत. तिसरे म्हणाले, मनाई आदेश चालू आहे, एकशे पस्तीस (तो आदेश मोडल्याबद्दलचे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम) लावा. शेवटी कसलीच नोंद न करता मला सोडले आणि चाकू ठेवून घेतला. पावती मिळाली नाही.

त्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. नंतर मी स्वतः कायदा वाचायला बसलो तेव्हा दिसले की तिघांच्याही बोलण्याला कुठे ना कुठे आधार आहे, आणि नेमकी हीच अडचण आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत धारदार हत्यारांचा पाचवा वर्ग आहे. त्यात तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. बटण, स्प्रिंग, खटका यांचा तिथे उल्लेख नाही. पण कलम ४ नुसार एखाद्या भागापुरती अधिसूचना काढून तिथे ठरावीक हत्यारांवर निर्बंध घालता येतात. दिल्ली प्रशासनाची २९ ऑक्टोबर १९८० ची अधिसूचना अशीच आहे. स्प्रिंगचे, गरारीदार (दातेरी चक्राचे) आणि बटणाचे चाकू तिच्यात येतात, पाते ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. म्हणजे तीन इंच. तिकडे तीन इंच, नियमांत नऊ इंच. आणि महाराष्ट्रात यावर आणखी एक थर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, सहसा पंधरवड्याचे, आणि त्यांत चाकूपासून काठीपर्यंत सारे काही येते. आदेश कधी सुरू झाला नि कधी संपला, हे रात्रपाळीहून घरी येणाऱ्याला कुठून कळणार?

दिल्लीच्या त्या अधिसूचनेचा अर्थ काय, यावर २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. बटणाच्या चाकूचा एक गुन्हा न्यायालयाने रद्द केला, कारण अधिसूचनेला अभिप्रेत असलेला विक्री वगैरेचा हेतू आरोपपत्रात मांडलेलाच नव्हता. पंचेचाळीस वर्षे त्या कागदावर माणसे पकडली गेली. आमच्यासारखा माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचत नाही, तो बाकावरच थांबतो.

खटक्याच्या चाकूची भीती कुठून आली, हे मला समजते. रामपुरी म्हटले की आजही लोकांच्या डोळ्यांपुढे गल्लीतला दादा उभा राहतो. क्षणात उघडणारे पाते समोरच्याला सावध व्हायला वेळ देत नाही, हा मुद्दा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. शाळेच्या आवारात, मिरवणुकीत, दारूच्या दुकानासमोर असा चाकू खिशात घेऊन फिरणाऱ्याला अडवायलाच हवे. पण अलीकडे पुण्याच्या वस्त्यांत ज्याने दहशत माजवली, तो कोयता. त्याला ना बटण ना स्प्रिंग. तो उसाच्या फडातला आहे. कोयत्याबाबत आपण हत्यार पाहत नाही. कोण, कुठे, कशासाठी घेऊन निघाला आहे ते पाहतो. ऊसतोड कामगाराला कोणी अडवत नाही आणि अडवूही नये. हाच न्याय माझ्या पावणेतीन इंचांना का मिळू नये?

अशी सवलत द्यायला आपला कायदा तयार नाही, असेही नाही. शीख बांधवांच्या कृपाणाचा अधिकार थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये मान्य केलेला आहे. बाहेरच्या देशांनीही हा विचार केला आहे. अमेरिकेने १९५८ मध्ये खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली तेव्हाच एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतचे पाते जवळ बाळगण्याची मुभा त्याच कायद्यात लिहिली. जर्मनीने झोलिंगेन शहरातल्या चाकूहल्ल्यानंतर, २०२४ च्या अखेरीस, नियम कडक केले. तरी एका हातानेच चाकू वापरण्याची रास्त गरज असलेल्यांसाठी ठरावीक मापाच्या चाकूची वाट उघडी ठेवली. न्यूयॉर्कचा अनुभव उलट आहे. तिथे मनगटाच्या झटक्याने उघडणारा चाकू गुन्ह्यात मोडत असे, आणि झटका देऊन पाहणारा पोलीसच असे. साधे कारागीर त्यात सापडत गेले, शेवटी २०१९ मध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली.

माझे मागणे मोठे नाही. खटक्याचा चाकू म्हणजे काय, हे शस्त्र नियमांत एकदा स्पष्ट लिहावे. बटण दाबल्यावर आपोआप उघडणारा वेगळा, आणि अंगठ्याने अर्धा ढकलल्यावर स्प्रिंग मदत करते तो वेगळा. आज नाकाबंदीत दोन्ही सारखेच ठरतात. घरात किंवा कामाच्या जागी ठेवणे आणि गर्दीत घेऊन फिरणे यांतला फरकही नियमात यावा. कलम ४ खालच्या सगळ्या अधिसूचना, कुठे लागू आहेत आणि किती मापाला, हे राज्यांच्या भाषांत एका जागी वाचायला मिळाव्यात. चाकू ठेवून घेतला तर मापासह पावती द्यावी. आणि ज्याला एकच हात चालतो, त्याला तीन इंचांपर्यंतचे पाते कामासाठी बाळगू द्यावे. ओळखीचा प्रश्नही येणार नाही, दिव्यांगांचे यूडीआयडी ओळखपत्र सरकारनेच दिलेले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीचे तत्त्व आहेच. रॅम्प आणि रेल्वेचा डबा त्यात आपसूक आठवतात, चाकू कोणाला आठवत नाही.

सध्या मी पुन्हा दातांनी पाते ओढतो आहे. मुलीने पाहिले की ती हातातून चाकू काढून घेते आणि स्वतः उघडून देते. गोदामात ती नसते.

तेव्हा एवढ्याच एका प्रश्नाचे लेखी उत्तर मिळावे : पावणेतीन इंच पात्याचा खटक्याचा चाकू, पिशवीत, घरापासून गोदामापर्यंत, मी तो नेऊ शकतो की नाही?

आपला,
एका गोदामाचा भांडारपाल