नवशिक्याचे बाण : किंमतीआधी आकडा पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. तेव्हापासून धनुर्विद्येबद्दल चौकशी करणारे पालक कोल्हापुरातही वाढल्याचे मला जाणवते. या दोघांचा प्रकार कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके बसवलेल्या धनुष्याचा. त्याचा खर्च झेपत नाही म्हणून, किंवा मुळातच ओढ आहे म्हणून, बरेच जण पारंपरिक धनुष्याकडे, म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या, दुर्बीण-नेमपट्टी नसलेल्या साध्या धनुष्याकडे वळतात. हा निर्णय चांगलाच आहे. परंतु धनुष्य चार जणांना विचारून घेतले जाते आणि बाण मात्र उरलेल्या पैशांत, मोबाइलवर दिसणारे सर्वांत स्वस्त डझन पाहून मागवले जातात, याविषयी मला आपल्या वृत्तपत्रातून पालकांशी बोलायचे आहे.

पारंपरिक धनुष्यात बाण मुठीच्या कडेला टेकलेला असतो आणि दोरी मात्र मुठीच्या मध्याकडे धावते. त्यामुळे सुटणाऱ्या बाणाला किंचित लवून, मुठीला वळसा घालून पुढे जावे लागते. तो किती लवेल हे त्याच्या दांडीच्या ताठपणावर ठरते आणि हा ताठपणा स्पाइन नावाच्या आकड्याने सांगतात. दांडी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगले असता ती अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००, एक इंच वाकली तर १०००. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी दांडी मऊ, आणि नवख्या माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कार्बन बाणांवर बहुतेक वेळा ५०० हाच आकडा असतो. तो साधारण ४० पौंडांच्या वरच्या धनुष्याला शोभतो (पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारे बळ). शिकणाऱ्या मुलाच्या हाती असते २० ते २५ पौंडांचे धनुष्य, आणि तेही पूर्ण ताकदीने ओढले जात नाही. धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे, म्हणजे दोरी तेवढ्या अंतरापर्यंत मागे खेचल्यावरचे असतात. दोन्ही हात पसरून मोजलेल्या लांबीला अडीचने भागले की ओढीचा ढोबळ अंदाज मिळतो. १६० सेंटिमीटर कव असलेल्या मुलीची ओढ ६४ सेंटिमीटर, म्हणजे २५ इंचांच्या आसपास येते. ओढ इंचाने कमी झाली की दीड ते दोन पौंड घटतात, म्हणून २५ पौंडांचे धनुष्य तिच्या हातात जेमतेम २० पौंडांचे उरते. तिला ९०० ते १०००, कधी त्याहूनही मऊ दांडी लागते. ५०० ची दांडी तिच्या धनुष्यापुढे लवतच नाही, मुठीला घासते आणि उजव्या हाताने ओढणाऱ्या मुलीचा बाण पुनःपुन्हा डावीकडे जातो. प्रशिक्षक दोरी सोडण्याची पद्धत सुधारायला सांगतात, मुलगी मान, खांदा, बोटे सगळे बदलून पाहते, आणि दोष तिचा नसतोच. या एका कारणाने उमेद हरवून बसलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

लांबीच्या बाबतीत तर काटकसर मुळीच करू नये. पूर्ण ओढल्यावर बाणाचे टोक मुठीच्या पुढे किमान एक-दोन इंच राहिलेच पाहिजे. आखूड बाण ओढता ओढता आधारावरून मागे घसरला आणि त्याच क्षणी दोरी सुटली, तर तो धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. वाढत्या वयाच्या मुलाची ओढ वर्षभरात वाढते, म्हणून त्याच्यासाठी दांडी सुरुवातीला न कापता पूर्ण लांबीची ठेवावी. लांब दांडी थोडी मऊ वागते आणि जड टोक लावले की आणखी मऊ वागते, हे दोन्ही नवशिक्याच्या सोयीचेच आहे. पुढे कापायची वेळ आली तर थोडी थोडी कापता येते, कापलेली मात्र जोडता येत नाही.

आता दांडी कशाची घ्यावी? माझे मत ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे. सगळ्या दांड्या एकसारख्या मिळतात, वाकल्या तर बऱ्याचदा सरळ करता येतात, आणि आकार दांडीवरच छापलेला असतो. १६१६ या आकड्यातले पहिले दोन अंक इंचाच्या चौसष्टाव्या भागात जाडी सांगतात आणि शेवटचे दोन इंचाच्या हजाराव्या भागात पत्र्याची जाडी. १६१६ चा स्पाइन हजाराच्या थोडा वर जातो, १७१६ चा ८८० च्या आसपास असतो, म्हणजे दोन्ही शिकाऊ धनुष्याच्या टप्प्यात बसतात. योग्य स्पाइनचा कार्बनही उत्तम, पण तडकलेली कार्बन दांडी सुटताना फुटून तिच्या कुसळ्या हातात घुसतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ती कानाजवळ हलकेच वाकवून करकर ऐकू येते का पाहावे. फायबरग्लास टिकाऊ खरा, पण हलक्या धनुष्याला जड होतो आणि बाण लवकर खाली येतो.

लाकूड आणि बांबू यांचा मान मोठा आहे. आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात लाकूड-बांबूचेच धनुष्यबाण चालतात, तेव्हा त्या स्पर्धेत उतरू पाहणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. मात्र ताठपणा आणि वजन जुळवलेले लाकडी बाण स्वस्त नसतात, आणि हार्डवेअरच्या दुकानातली गोल काठी आणून घरी बाण करणे धोक्याचे आहे. तिच्यातले लाकडाचे धागे टोकापर्यंत सरळ गेलेले नसतील तर ती तिरकी चिरते आणि तिचा भाला मनगटाकडे येतो. आजरा-चंदगड भागातला चांगला बांबू आणि बुरुड कारागिरांचा हात यांतून उत्तम दांड्या होऊ शकतील असे मला मनापासून वाटते, पण त्या पक्क्या वाळलेल्या, पेरे तासलेल्या आणि काचेवर लोळवून सरळ ठरलेल्या असाव्यात. शिवाय आपल्या पावसाळ्यात लाकडी बाण कोपऱ्यात टेकवून ठेवले की ते वाकतात. ते कोरड्या जागी, आडवे आणि सपाट ठेवावेत.

पिसांबाबत तडजोड नको. मुठीवरून किंवा थेट हातावरून बाण सोडायचा असेल तर खरी पिसेच हवीत. ती मुठीला लागली की दबतात, प्लास्टिकचे पंख आदळून बाणाला ढकलतात. एका बाणाची सगळी पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची असावीत, आणि पिसाच्या पुढच्या टोकावर दोरा किंवा गोंद असावा, नाहीतर ते बोट कापते.

वजनासाठी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाचा काटा पुरेसा आहे. धनुष्याच्या प्रत्येक पौंडामागे सुमारे १० ग्रेन हे जुने माप आजही योग्य ठरते. म्हणजे २० पौंडांना २०० ग्रेन, साधारण १३ ग्रॅम. फार हलका बाण धनुष्याची सगळी शक्ती उचलत नाही, उरलेली शक्ती धनुष्याच्याच अंगावर येते आणि लाकडी धनुष्य तडकते. एका संचातले बाण एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण ग्रॅमहून अधिक वेगळे नसावेत. हे सगळे जमवायचे तर पैसे कुठून आणावेत, असे पालक विचारतील. माझे उत्तर इतकेच की डझन घेऊ नये. जुळणारे सहा बाण नवशिक्याला पुष्कळ होतात, आणि डझनाच्या पैशांत चांगले सहा येतात.

एक विनंती शहरातले क्लब, शिबिरे घेणाऱ्या शाळा आणि विक्रेत्यांना आहे. आपल्या तालमीत लहानमोठ्या वजनाचे मुद्गल मांडलेले असतात आणि वस्ताद पोराचा दम पाहून त्यातला एक हातात देतात. त्याच रीतीने प्रत्येक केंद्राने तीन-चार वेगवेगळ्या ताठपणाचे दोन-दोन बाण सामाईक ठेवावेत, मुलाने ते आपल्या धनुष्यावर सोडून पाहावेत आणि मगच पालकांनी खरेदी करावी. विक्रेत्यांनीही प्रत्येक संचावर स्पाइन, लांबी आणि टोकासह वजन मराठीत लिहावे. येत्या उन्हाळी शिबिरांच्या नावनोंदणीआधी हे झाले तर अनेक घरांचा पहिलाच खर्च वाया जाणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर